ऑफ सीझनचा पाहुणा

वाटूर फाट्यावर जो थांबतो, तो दुसरीकडंच कुठंतरी निघालेला असतो. जालन्याहून मंठ्यामार्गे नांदेडला जाणारा इथं चहा पितो, परतूरला वळणारा इथं गाडी बदलतो, आणि लोणारचं सरोवर बघायला निघालेला पुण्याचा माणूस काच चार बोटं खाली करून "सरळच ना?" एवढंच विचारतो. लोकांना सरळ, डावीकडं, उजवीकडं सांगून सांगून आम्हा वाटूरकरांना निम्म्या महाराष्ट्राचा नकाशा पाठ झालाय. फक्त त्या नकाशातल्या ठिकाणी आम्ही गेलेलो नाही, एवढंच.

लोणारचंच घ्या. ते इतकं जवळ आहे की बघायचं राहूनच गेलं. जून २०२० मध्ये त्याचं पाणी एकाएकी गुलाबी झालं, जगभर फोटो गेले, तेव्हा मी जायचं पक्कं केलं होतं. पण तेव्हा नेमकी टाळेबंदी. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला, असं शास्त्रज्ञांनी नंतर सांगितलं. आमच्या मायचं मत वेगळं होतं. "माणसं न्हाईत बघून सरोवरानं लुगडं बदललं," ती म्हणाली. टाळेबंदी उठेपर्यंत सरोवरानं जुनं लुगडं पुन्हा नेसलं आणि आमचं जाणं पुन्हा राहिलं.

माझं फाट्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी आणायच्या, जुनी तार उपसायची, नवी भरायची. हा धंदा दुसऱ्याच्या दुःखावर चालतो, पण पावसाळ्यात दुःखच नसतं. पाऊस पडला की विहिरीवरची मोटार झोपते, आणि मोटार झोपली की मीही दुकानातल्या बाकड्यावर झोपतो. जून ते सप्टेंबर माझं हे असं चालतं. याला काही नाव असतं, हे मला माहीत नव्हतं. ते नाव पुण्यात कंप्युटरवर काम करणाऱ्या भाच्यानं आणलं.

"मामा, तुमचा हा ऑफ सीझन आहे," तो म्हणाला. "आणि कोकणाचाही ऑफ सीझन आहे. दोन ऑफ सीझन जुळलेत. आत्ताच टूर काढा. तेच हॉटेल, तीच खोली, अर्धा रेट."

आमच्या घरात 'अर्धा' या शब्दाला मंत्राचं बळ आहे. अर्ध्या किमतीत मिळाली म्हणून आम्ही घरात नसलेल्या कुकरची शिट्टी घेऊन ठेवलेली आहे. अण्णा बाजेवर कूस बदलून उठून बसले. बायकोनं गॅस बारीक केला. टूर काढायची की नाही, हा प्रश्न तिथंच संपला. आता प्रश्न एवढाच होता की कुठं काय अर्ध्यात मिळतंय.

पहिलं नाव निघालं महाबळेश्वरचं. भाच्यानं मोबाईलवर दाखवलं की जुलैत तिथं खोल्या मातीमोल मिळतात. कारणही लगेच कळलं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात उरकतो. आमच्या जिल्ह्याची वर्षाची सरासरी सातशेच्या आतबाहेर. म्हणजे आमचा सात-आठ वर्षांचा पाऊस तिथं एका पावसाळ्यात.

"पण पॉइंट दिसतात का?" बायकोनं विचारलं.

"पॉइंट असतात. धुक्यात दिसत नाहीत. पण तिथं जाऊन उभं राहता येतं."

"आणि बोटिंग?"

"बंद."

"स्ट्रॉबेरी?"

"ती हिवाळ्यात."

"मग चालू काय असतं?"

"पाऊस," भाचा म्हणाला.

माथेरानची झुकझुक गाडी मुलांना हवी होती. ती नेरळपासून वर जाणारी गाडी पावसाळ्यात बंद ठेवतात, असं निघालं. मग पोरानं गोवा म्हटलं. गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यावरची शॅक उतरवतात, समुद्रात उतरू देत नाहीत, आणि २४ जूनला सांजाव नावाचा सण असतो, त्यात लोक डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात. ही माहिती भाच्यानं मोठ्या कौतुकानं सांगितली. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतली.

"हिरीत उडी मारायला गोव्याला काहून जायचं?" ते म्हणाले. "आपल्या हिरीत पाणी आलंय का ते बघ आधी."

शेवटी तारकर्ली ठरली. मालवणच्या शेजारी, देवबागच्या वाटेवर एक घरगुती सोय होती. खाली मालक, वर दोन खोल्या, समोर माड आणि माडांच्या पलीकडं समुद्र. फोटोत आकाश निळंभोर होतं. तो फोटो डिसेंबरातला होता, हे त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आता तारीख. इथं शहरी वाचकांना एक सांगायला हवं. तुम्ही रजेचा अर्ज टाकता आणि निघता. शेतकऱ्याच्या घरी अर्ज घेणारं कुणी नसतं, म्हणून रजाही नसते. जगाचा टूरचा सीझन दिवाळीत, तेव्हा आमचं सोयाबीन खळ्यावर. नाताळात कापसाची वेचणी आणि तूर. एप्रिल-मेमध्ये लग्नं, एकेका तिथीला तीन-तीन, आणि तिन्ही आहेर करण्याइतकी जवळची. जूनमध्ये पेरणी. पाऊस दगा देऊन गेला तर जुलैत दुबार पेरणी. मग खुरपणी, फवारणी, पोळा, महालक्ष्म्या. या सगळ्यातून कॅलेंडर झटकून बघितलं तर रिकामं काहीच पडत नाही.

पण गोष्ट २०२३ सालची आहे, आणि त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. १८ जुलै ते १६ ऑगस्ट. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, वास्तुशांत नाही. पंचांगानं स्वतःच्या हातानं दिलेली रजा! मी आनंदानं तारखेवर गोल केला. मायनं त्याच तारखेकडं बोट दाखवलं.

"धोंड्याचा महिना हाय," ती म्हणाली. "जावई येत्याल."

जावई आले. त्यांना अनारसे झाले, कपडे झाले, चांदीचं काही तरी झालं. कोकणच्या खोलीचं अर्धं भाडं त्यात गेलं. तरी उरलेल्या अर्ध्यात खोली बसत होती, कारण खोलीच अर्ध्यात होती. हिशेब असा बरोबर जमला की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

भाचा म्हणाला, "फक्त १२ ते १५ ऑगस्ट टाळा. लाँग वीकेंड आहे. तेव्हा डबल रेट."

"ऑफ सीझनमध्ये?"

"ऑफ सीझनमध्येही एक सीझन असतो, मामा. आणि वाटेत आंबोलीला थांबायचं असेल तर शनिवार-रविवार नको. आंबोलीचा सीझनच पावसाळ्यात असतो. धबधब्याखाली उभं राहायला रांग लागते."

म्हणजे ऑफ सीझनमध्ये जे एकमेव ठिकाण चालू होतं, तिथं सीझन होता.

प्रवासाचा हिशेब मी वहीत मांडला. रेल्वेनं जावं तर कोकण रेल्वेला पावसाळी वेळापत्रक लागलेलं. गाड्या मुद्दाम हळू. मुंबई-मडगाव वंदे भारत त्याच वर्षी २७ जूनला सुरू झाली, तीही आल्या आल्या पावसाळी वेळापत्रकावर, आठवड्यातून तीन दिवस. राहिली आपली एसटी. वाटूरपासून मालवण साडेसहाशे-सातशे किलोमीटर, बीड, सोलापूर, कोल्हापूर करत. त्या वर्षीच्या १७ मार्चपासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं होतं. म्हणजे माय अर्धी, बायको अर्धी, पोरगी अर्धी. पोरगा बाराच्या आतला, म्हणून अर्धा. अण्णांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली, ते अमृत ज्येष्ठ नागरिक, पूर्ण फुकट. सगळ्या कुटुंबात पूर्ण तिकिटाचा माणूस एकच निघाला. मी.

वही अण्णांकडं गेली. त्यांनी चष्मा लावून आकडे दोनदा वाचले.

"मंग तूच ऱ्हा की घरी," ते म्हणाले. "टूर लई स्वस्तात बसंल."

कुणीही हसलं नाही. बायकोनं तर क्षणभर विचारही केला. शेवटी सामान उचलायला कुणी तरी लागेल, या मुद्द्यावर माझं नाव यादीत राहिलं.

तारकर्लीच्या मालकांना मी दुकानातून फोन लावला. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. आधी ते आमच्याशी शाळेतल्या पुस्तकासारखं बोलायचे, रंगात आले की मालवणीवर घसरायचे.

"काका, समुद्र चालू आहे ना?"

"समुद्र चालूच आसा. पण त्याच्यात जाऊक कोण देना नाय."

"बोटी?"

"बोटी वर काढून झाप घालून ठेवल्यात. मेच्या शेवटाक बंद, ऑगस्टअखेरपर्यंत."

"म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला?"

"किनाऱ्यावरून बघायचा. दिसतो की! महाराजांनी १६६४ ला बांधूक घेतलो, तो काय पावसात विरघळता?"

"स्कूबा?"

"बंद."

"डॉल्फिन?"

"डॉल्फिन चालू आसतले. पण बघूक जाणारी बोट बंद."

मी प्रत्येक 'बंद'ला वहीत टिंब करत होतो आणि प्रत्येक टिंबाला मनात शंभर रुपये कमी करत होतो. टिंबं वाढत गेली तसा मला आनंद होत गेला. या वेगानं यादी लांबली असती तर काकांनीच मला पैसे द्यायची वेळ आली असती.

"आणि मासे?" मी मुद्दामच विचारलं.

"एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद. एक ऑगस्टाक बोटी सुटतील, पण दर्या शांत नसलो तर काय खरा नाय. सुके बांगडे देतंय."

"नाही हो, आम्हाला चालायचं नाही. आमचा अधिक महिना आहे. तो संपला की निज श्रावण. पंधरा सप्टेंबरपर्यंत आमच्याकडंही बंदीच."

फोनवर काका थोडा वेळ गप्प झाले.

"मगे सोपा झाला," ते म्हणाले. "आमच्याकडे गावणार नाय, तुम्ही खाणार नाय. भांडणच नाय."

मग मी मुद्द्यावर आलो. डिसेंबरात ते खोलीचे जे घेतात, त्याच्या अर्धे ते आपणहून म्हणाले होते. मी त्याच्याही अर्धे म्हटलं. समुद्र बंद, बोट बंद, किल्ला बंद, मासे बंद, ऊन बंद. मग खोलीचं भाडं कशाचं? आणि शेवटी माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं: "काका, रिकामं ठेवण्यापेक्षा अर्ध्यात दिलेलं काय वाईट?" हेच वाक्य मी त्यांना लिहूनही पाठवलं, म्हणजे त्यांना निवांत विचार करता यावा.

फोन ठेवला तेव्हा काउंटरपाशी एक गिऱ्हाईक उभं होतं. तीन एचपीची जळालेली मोटार मोटारसायकलवर बांधून आलेलं.

"काय सांगायले तुम्ही फोनवर," तो म्हणाला, "लई पटलं बघा. तुमचा बी आता रिकामा टाइम हाय. मंग माझी मोटार अर्ध्यात भरा की."

"तांब्याच्या तारेला ऑफ सीझन नसतो," मी सांगितलं.

"खोलीच्या भिंतीला असतोय व्हय?" तो म्हणाला आणि पूर्ण पैसे मोजून गेला. काही लोकांना विषयाचं गांभीर्य नसतं.

काकांनी खोली दिली. ॲडव्हान्स मोबाईलवरून गेला आणि घरात तयारीला जोर आला. ऑफ सीझनला जायचं तर भिजणार, म्हणून सगळ्यांना रेनकोट आले. चप्पल घसरते, म्हणून बूट आले. मोबाईलला पाण्याच्या पिशव्या आल्या. कपडे वाळत नाहीत असं कळलं, म्हणून जास्तीचे कपडे आले, आणि ते मावत नाहीत म्हणून मोठी बॅग आली. मायनं तांदळाच्या डब्यातून दोन हजाराची नोट काढून दिली. ती नोट चलनातून काढल्याचं १९ मेलाच जाहीर झालं होतं आणि बदलून घ्यायची मुदत ३० सप्टेंबर. परतूरच्या बाजारात ती नोट कुणी हातात धरेना. माय म्हणाली, "कोकणात चालत असंल. ते लोक साधे असत्यात." बायकोनं खर्चाची बेरीज केली. जी खोली अर्ध्याच्या अर्ध्यात घेतली होती, तिच्यापायी आतापर्यंत डिसेंबरातल्या पूर्ण भाड्याच्या दीडपट सामान घरात आलं होतं.

"पण वाचले किती ते बघ की," मी म्हटलं.

पोरांना उन्हाचे गॉगल हवे होते. पावसात गॉगल कशाला, म्हणून मी ओरडलो, आणि त्याच आठवड्यात त्या वर्षीची ती डोळे येण्याची साथ फाट्यावर येऊन धडकली. शाळा लाल, बस लाल, बँकेतला कॅशियर लाल. आमच्या घरातही एकेक करून सगळ्यांचे डोळे आले. गॉगल घ्यावेच लागले. अण्णा काळा गॉगल लावून बाजेवर बसायचे, तेव्हा येणारेजाणारे विचारायचे, "काय अण्णा, जाऊन आलात व्हय कोकणला?" अण्णा ठसक्यात म्हणायचे, "हां. लई स्वस्तात झालं."

डोळे बरे झाले. बॅगा भरल्या. आणि पाऊस गेला.

तो असा गेला की अख्खा ऑगस्ट वळून बघितलं नाही. देशात १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, असं नंतर हवामानवाल्यांनी सांगितलं. आम्हाला ते सांगावं लागलं नाही. सोयाबीन फुलात येऊन माना टाकायला लागलं, मोसंबीची फळं गळायला लागली, आणि ज्याच्या ज्याच्या विहिरीत हंडाभर पाणी होतं त्यानं मोटार चालू केली. एकाच डीपीवर सगळ्यांनी एकदम चालू केली. होल्टेज पडलं आणि मोटारी जळाल्या. जिथं मी बाकड्यावर झोपत होतो, त्या बाकड्यावर मोटारी झोपल्या. बाकड्याखाली झोपल्या. दाराबाहेर रांगेत उभ्या राहिल्या. लोक रात्री दहाला शटर वाजवायचे, पहाटे पाचला घरी यायचे.

"उद्या द्या."

"उद्या मी कोकणात आहे."

"तुम्ही कोकणात, आन् आमचं सोयाबीन हितं मरू द्यायचं का?"

या प्रश्नाला कुठल्याही प्रवासी कंपनीकडं उत्तर नाही. माझा ऑफ सीझन माझ्या डोळ्यांदेखत सीझन झाला होता. भाच्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मामा, मग तुम्ही दर वाढवले असतील ना? सीझनला वाढवतात." मी म्हटलं, "शेजाऱ्याच्या बांधावर मोटार बंद पडलीय आणि मी दर वाढवू? पोळ्याला बैल घेऊन तो माझ्या दारात येतो." पण खरं कारण असं होतं की उधारीत दर वाढवून काहीच फरक पडत नाही.

काकांना फोन करून सांगितलं. ॲडव्हान्सचंही अडखळत विचारलं.

"ऑफ सीझनचो ॲडव्हान्स परत नसता," ते गोडपणानं म्हणाले. "तुम्ही काय धंदो करतास म्हणालास?"

"मोटार वाइंडिंग."

"पाण्याची मोटार?"

"पाण्याचीच."

"आणि पाऊस?"

"थेंब नाही, काका. कडक ऊन. सकाळी टाकलेला कपडा चहा होईपर्यंत वाळतो."

पलीकडं मोठी शांतता पसरली. मग काकांनी आत कुणाला तरी हाक मारली आणि मालवणीत भराभर काही सांगितलं. मला त्यातले 'ऊन' आणि 'कपडे' एवढे दोनच शब्द लागले.

"आमचे कपडे जूनपासून सुकणत नाय," ते म्हणाले. "आमचो पण हो ऑफ सीझन. गिऱ्हाईक नाय. नारळी पौर्णिमेच्या आत परत येऊचा. वेरूळ बघूचा आसा, लोणार बघूचा आसा. तुमच्याकडे राहूची सोय आसा ना?"

मराठवाड्यात या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. ते द्यायचं कसं, हेच आम्हाला शिकवलेलं नाही.

ऑगस्ट संपायच्या आत एक पांढरी गाडी वाटूर फाट्यावर येऊन थांबली. फाट्यावर थांबलेली आणि पुढं कुठंही न जाणारी ती पहिलीच गाडी असावी. टपरीवाल्यानं सवयीनं सांगितलं, "लोणार सरळ." काका म्हणाले, "लोणार उद्या. आज वाटूर." टपरीवाला हातातला चहा ओतायचा विसरला.

काका, काकू, त्यांचा मुलगा, सून. आणि चार पिशव्या ओले कपडे. पाणी प्यायच्याही आधी काकू गच्चीवर गेल्या. थोड्या वेळात आमच्या गच्चीवर चादरी, साड्या, सतरंज्या, उशांचे अभ्रे आणि दोन गाद्या पसरल्या गेल्या. अर्ध्या तासात सगळं कडकडीत. काकूंनी एक चादर गालाला लावली आणि त्यांचे डोळे भरून आले. काका गच्चीच्या मधोमध, भर दुपारी, टोपी काढून उभे राहिले.

"एवढा ऊन," ते म्हणाले, "आणि तुम्ही तिकीट लावणत नाय?"

अण्णा खालून आकाशाकडं बघत होते. "त्येनला म्हणावं जाताना पाहिजे तेवढं घेऊन जा," ते मला म्हणाले. "फक्त येताना दोन ढग आणायचे व्हते."

पाहुण्यांना काय काय दाखवायचं, हा प्रश्न होता. काकांनी माझ्याच पद्धतीनं विचारायला सुरुवात केली.

"नदी?"

"आहे. पाणी नाही."

"धरण?"

"आहे. खाली गेलंय."

"मोसंबीची बाग?"

"आहे. फळं गळालीत."

"लाइट?"

"रात्री येते."

काका खिशातल्या डायरीत टिंबं करतायत, असं मला उगीचच वाटायला लागलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. टोमॅटोची चटणी मायनं मुद्दाम केली, कारण जुलैत टोमॅटोनं शंभरी ओलांडलेली पाहून तिनं त्याला पाहुण्यांच्या पदार्थात बढती दिली होती. काकूंनी पिशवीतून सोलं, कोकमाचं आगळ आणि फणसाची साठं काढली. मासे कुणीच मागितले नाहीत. श्रावण तिकडंही श्रावणच असतो. दुसऱ्या दिवशी पाहुणे लोणारला जायला निघाले. मी मोटारींमुळं जाऊ शकलो नाही. काकांनी गाडीची काच खाली करून मला विचारलं, "सरळच ना?" मी म्हटलं, "सरळच."

परत आल्यावर त्यांनी लोणार आम्हाला समजावून सांगितलं. उल्का पडून खडकात खड्डा झाला, व्यास जवळजवळ दोन किलोमीटर, कडेला जुनी देवळं. आम्ही सगळे मांडी घालून ऐकत होतो. मायनं विचारलं, "गुलाबी हाय का?" ते म्हणाले, "नाय. हिरवा." माय माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हटलं नव्हतं? माणसं दिसली की नेसत न्हाई."

निघायच्या दिवशी काका दुकानात आले. मुलानं गाडीच्या डिकीतून गोणपाटात गुंडाळलेलं काही तरी काढून काउंटरवर ठेवलं. मी गोणपाट उलगडलं. आत एक एचपीची मोनोब्लॉक मोटार, माडांच्या शिंपण्याची. वास घेताच कळलं, वाइंडिंग पूर्ण जळालेली. मालवणहून साडेसहाशे किलोमीटर, कोल्हापूर, सोलापूर, बीड अशी सगळी वाइंडिंगची दुकानं टाळत ती माझ्यापर्यंत आली होती.

"आमका पावसात लागणत नाय," काका म्हणाले. "म्हटलंय, ऑफ सीझनाक भरून घेऊया."

"काका, पण आमच्याकडं यंदा सीझन..."

त्यांनी शांतपणे मोबाईल काढला आणि माझ्याच हातानं लिहिलेलं वाक्य माझ्यासमोर धरलं: रिकामं ठेवण्यापेक्षा अर्ध्यात दिलेलं काय वाईट?

"मी खोली अर्ध्याच्या अर्ध्यात दिलंय का नाय?" ते म्हणाले.

त्या वेळी तीन एचपीवाला तो जुना गिऱ्हाईक दारात उभा होता. त्याची मोटार पुन्हा जळाली होती. तो आनंदानं बाकड्यावर बसला, आता काय होतंय ते बघायला. मी त्याच्याकडं न बघता मोटार भरायला घेतली. अर्ध्याच्या अर्ध्यात.

काकांनी मजुरी मोजली ती दोन हजाराच्या नोटेनं. "तुमच्याकडे बँकेत गर्दी नसतली," ते म्हणाले, आणि उरलेले सुट्टे मागून घेतले. घरी मायची नोट आणि ही नोट अशा दोन झाल्या. मुदत अजून बाकी होती, म्हणून मी काही बोललो नाही.

संध्याकाळी बायकोनं वही उघडली. कोकण सहल, २०२३. पाहुण्यांचं जेवण घरचं, लोणार त्यांच्या पेट्रोलवर, सोलं आणि फणस फुकट, रेनकोट अजून नवेच्या नवे, आणि जन्माची ओळख. खर्च म्हणजे बुडालेला ॲडव्हान्स आणि एका मोटारीची पाऊण मजुरी. तिनं बेरजेखाली दोन रेघा मारल्या. अण्णांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला आणि मान डोलावली.

"एवढ्या स्वस्तात कोकण," ते म्हणाले, "अख्ख्या परतूर तालुक्यात कुणी केलं नसंल."